सहा मिनिटं, तीस मीटर

नमस्कार श्रोतेहो. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा सीओपीडीने, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराने, दमणाऱ्या माणसाला फिजिओथेरपी विभागात सांगतात, "सहा मिनिटं चालायचं, जमेल तितकं जास्त अंतर कापायचं." ऐकणाऱ्याला वाटतं, यात कसली तपासणी! नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून हृदय-श्वसन फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलांनाही सुरुवातीला तसंच वाटतं. सोपी दिसते म्हणूनच ही चाचणी हातून बिघडते.

लागतो तो ३० मीटरचा सपाट, वर्दळ नसलेला व्हरांडा. दोन्ही टोकांना शंकू, दर तीन मीटरवर जमिनीवर खूण. रुग्णाला आधी दहा मिनिटं खुर्चीत बसवायचं आणि नाडी, रक्तदाब आणि बोटाला लावायच्या यंत्राने रक्तातला ऑक्सिजन लिहून घ्यायचा. बसल्या जागीच नाडी १२०च्या वर किंवा रक्तदाब १८०/१००च्या वर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. महिनाभरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर चाचणी घ्यायचीच नाही. मग बोर्गचा तक्ता दाखवायचा: शून्य म्हणजे दम मुळीच लागलेला नाही, दहा म्हणजे सोसवणार नाही इतका लागलाय. आकडा रुग्णाने सांगायचा, आपण सुचवायचा नाही.

जागा नाही म्हणून कुणी १५ मीटरवर शंकू ठेवतात. मग वळणं दुप्पट होतात, प्रत्येक वळणावर पाऊल मंदावतं आणि अंतर कमी भरतं. तो आकडा ३० मीटरच्या आकड्याशेजारी मांडता येत नाही.

फेऱ्या मोजणं तर फार जपून करावं लागतं. जाऊन-येऊन एक फेरी, म्हणजे ६० मीटर. सहा फेऱ्या आणि वर २४ मीटर झाले, तर ३८४. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटी यांच्या २०१४च्या निवेदनानुसार फुप्फुसाच्या जुनाट आजारात दोन चाचण्यांच्या अंतरात साधारण ३० मीटरचा फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा. म्हणजे एक फेरी मोजायची राहिली, की त्याच्या दुप्पट चूक! म्हणून प्रत्येक फेरीला कागदावर रेघ ओढायची, लक्षात ठेवायचं नाही.

आता आवाजाबद्दल. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, तेही सपाट सुरात: "छान चालताय. अजून पाच मिनिटं आहेत." बस. मन हळवं असलेली मुलगी सहज म्हणून जाते, "चला काका, जोर लावा!" काका जोर लावतात, अंतर वाढतं आणि वाढलं कशाने ते कळत नाही. शेजारून चालायचंही नाही, रुग्ण आपल्या पावलाशी पाऊल जुळवतो. दम लागला तर त्याने भिंतीला टेकून थांबावं. घड्याळ मात्र चालूच राहतं. छातीत दुखलं, तोल जाऊ लागला, चेहरा पांढरा पडून घाम फुटला, तर चाचणी तिथेच थांबवून खुर्ची पुढे करायची.

पदव्युत्तर प्रबंधात याच गोष्टी आणखी महाग पडतात. तिथे एका गटाला व्यायाम देऊन अंतर वाढतं का ते पाहतात, तेव्हा व्यायाम कोणत्या गटाला दिला, हे चाचणी घेणाऱ्याला ठाऊक नसावं. ठाऊक असलं की आवाज आपोआप बदलतो. शिवाय दुसऱ्यांदा चालताना माणूस सरावाने जास्त चालतो. त्यामुळे पहिल्या भेटीतच अर्ध्या तासाच्या अंतराने दोन चाचण्या घेऊन मोठा आकडा धरावा. नाहीतर सरावाचं श्रेय व्यायामाला जातं, आणि प्रबंध तेच छापतो.

अपेक्षित अंतराचं १९९८चं प्रसिद्ध सूत्र अमेरिकेतल्या निरोगी प्रौढांवरून काढलेलं आहे. १६५ सेंटिमीटर उंची, ६५ किलो वजन, साठ वर्षांच्या पुरुषाला ते सुमारे ५२४ मीटर सांगतं. आपल्याकडच्या माणसावर ते डोळे मिटून लावू नये. त्याचंच आधीचं अंतर अधिक विश्वासाचं.

तुम्हाला ही चाचणी सांगितली असेल, तर हलकं खाऊन जा आणि नेहमीची औषधं घ्या. त्याआधी दोन तास दगदग नको. रोजच्या सवयीच्याच चपला-बूट घाला, काठी वापरत असाल तर ती न्या. नखाला नेलपॉलिश असेल तर काढा, बोटं गार असतील तर चोळून ऊब आणा, नाहीतर ऑक्सिजनचा आकडा फसवतो. आणि मागच्या चाचणीचा कागद न विसरता सोबत ठेवा. सिलिंडर घेऊन चालला असाल, तर ऑक्सिजन किती लिटरवर होता आणि सिलिंडर कोणी ओढला, हेही त्यावर लिहिलेलं असायला हवं.