बुचाची टाच

श्रोतेहो, नमस्कार.

उंच टाचेचा बूट बाजूने पाहिलात, तर टाच आणि चवडा यांच्यामध्ये एक मोकळी जागा दिसते. १९३६ च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका कारागिराने ती जागा बूच, म्हणजे कॉर्क, भरून बुजवून टाकली. आज बाजारात ज्याला आपण वेज हील म्हणतो, ती टाच अशी फॅशनमध्ये आली. त्या कारागिराचं नाव साल्वातोरे फेरागामो.

फेरागामो यांचा जन्म १८९८ चा, दक्षिण इटलीतल्या बोनितो नावाच्या गावचा. चौदा भावंडांतले ते अकरावे. जोडे शिवणं हे तिथे हलकं काम मानलं जाई, त्यामुळे घरच्यांना मुलाने या धंद्यात जाऊ नये असं वाटे. पण बहिणीच्या धार्मिक विधीसाठी पांढरे बूट हवे होते आणि घरात पैसे नव्हते. तेव्हा नऊ वर्षांच्या साल्वातोरेने रात्रभर जागून ते स्वतः बनवले, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. त्यानंतर घरचा विरोध मावळला.

किशोरवयातच ते अमेरिकेला गेले. बॉस्टनच्या कारखान्यात यंत्रावर भराभर तयार होणारे बूट त्यांनी पाहिले आणि ते त्यांना जड, बेढब वाटले. मग कॅलिफोर्नियात जाऊन त्यांनी सिनेमासाठी बूट बनवायला सुरुवात केली. मेरी पिकफर्ड, ग्लोरिया स्वॉन्सन अशा तारका त्यांच्या गिऱ्हाईक झाल्या. पण एक प्रश्न त्यांची पाठ सोडत नव्हता. बूट दिसायला सुंदर होतो, मग घातल्यावर पाय का दुखतो? उत्तर शोधण्यासाठी ते विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकायला गेले. मला या माणसाचं सगळ्यांत मोठेपण इथे वाटतं. माणूस ताठ उभा राहिला की शरीराचा भार तळव्याच्या कमानीवर येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे आधार हवा तो कमानीला. तो देण्यासाठी त्यांनी तळाच्या थरांमध्ये, कमानीच्या खाली, पोलादाची पातळ पट्टी बसवायला सुरुवात केली.

१९२७ मध्ये ते इटलीत परतले, कारण त्यांना हवे तसे हातकाम करणारे कारागीर अमेरिकेत पुरेसे मिळेनात. फ्लॉरेन्समध्ये काम उभं राहिलं, पण जागतिक मंदीत १९३३ साली दिवाळं निघालं. ते पुन्हा उभे राहत होते, तोच मुसोलिनीने इथिओपियावर आक्रमण केलं आणि राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले. चांगलं पोलाद मिळेना. हलक्या पोलादाच्या पट्ट्या वाकायच्या, मोडायच्या. ज्या कमानीसाठी एवढा अभ्यास केला, तिचाच आधार गेला.

मग पट्टीची गरजच उरणार नाही असा बूट बनवायचा त्यांनी ठरवलं. सार्डिनिया बेटावर बुचाची झाडं होती. बुचाचे तुकडे एकमेकांना चिकटवून, कापून, तासून त्यांनी टाचेपासून चवड्यापर्यंतची सगळी पोकळी भरली. बूच हलकं असतं, पावलाखाली किंचित दबतं, आणि कमानीला तर पूर्ण टेकू मिळतो. १९३७ मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं. लवकरच जगभर त्याच्या नकला निघाल्या.

चामड्याच्या टंचाईत त्यांनी राफिया हे ताडाच्या जातीतल्या झाडाचं तंतू वापरलं, चॉकलेटभोवती गुंडाळतात तो पारदर्शक सेलोफेन कागद पिळून त्याचे पट्टे केले. १९३८ चा एक सँडल आजही पाहण्यासारखा आहे: बुचाच्या जाड तळावर रंगीत स्वेडचे, म्हणजे मऊ लवदार चामड्याचे, इंद्रधनुष्यासारखे थर आणि वर सोनेरी पट्टे. गायिका-अभिनेत्री ज्युडी गार्लंड हिच्यासाठी तो बनवला होता. युद्धानंतर, १९४७ मध्ये, नायलॉनच्या पारदर्शक धाग्यांनी बांधलेला ‘अदृश्य’ सँडल आला. त्याच वर्षी अमेरिकेतला नायमन मार्कस हा फॅशनचा पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्यांत फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिश्चन डिऑरही होते.

पुढे डिऑरसाठी बूट बनवणाऱ्या रॉजे व्हिव्हिए यांच्या हातून १९५० च्या दशकात सुईसारखी बारीक स्टिलेटो टाच गाजली. आत धातूची कांडी असल्याने ती मोडत नसे, पण लाकडी जमिनींना मात्र खड्डे पाडी. स्टिलेटोचा डौल मी मान्य करते, तरी माझं झुकतं माप फेरागामो यांनाच आहे. व्हिव्हिए यांनी डोळ्यांचा विचार आधी केला, फेरागामो यांनी पायाचा.

१९६० मध्ये फेरागामो वारले. फ्लॉरेन्समध्ये १९९५ पासून त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे. मेरिलिन मन्रो, ऑड्री हेपबर्न अशा गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे त्यांनी जपून ठेवले होते, कारण प्रत्येक पाऊल त्यांच्या लेखी वेगळं होतं.

श्रोतेहो, पुढच्या वेळी टाचेचे बूट घ्यायला गेलात, तर दुकानात एक करून पाहा. बूट दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा. तो चवड्यापाशी वाकायला हवा. मधोमध, कमानीखाली वाकत असेल, तर दुसरा जोड मागा. नमस्कार.