पात्राचा वंश निवडताना

मित्रहो,

'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला 'स्कायरिम' हा व्हिडिओ गेम 2011 साली आला. त्याची सुरुवात आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. हात बांधलेल्या अवस्थेत आपल्याला घोडागाडीतून हेल्गेन नावाच्या गावी आणले जाते, उतरवलेल्या कैद्यांची नावे यादीवरून पुकारली जातात, आणि आपली पाळी आली की यादी धरलेला सैनिक विचारतो, तू कोण? या प्रश्नासरशी पडद्यावर जे उघडते, ते आधी वंश विचारते, म्हणजे आपले पात्र मानव, एल्फ, ऑर्क अशा कोणत्या लोकांतले आहे ते. दहा वंशांपैकी एक आपण निवडतो, मग चेहरा घडवतो, आणि अगदी शेवटी नाव लिहितो. त्यानंतर तो सैनिक जे बोलतो, ते आपण निवडलेल्या वंशाप्रमाणे बदलते. यादीत आपले नाव नसते, आपण कोणता गुन्हा केला हे कोणालाच ठाऊक नसते, तरीही आपल्याकडे पाहून बोलण्यासारखे त्याच्यापाशी काहीतरी असते.

आजच्या विषयाचा सगळा गाभा मला या एका प्रसंगात दिसतो. वंश निवडताना बहुतेक खेळाडू आकडे पाहतात: कोणाला किती बळ, कोणाला किती जादू, कोणाचे बाण अधिक अचूक. मला असे वाटते की आकडे हा या निवडीतला सर्वांत लवकर विरून जाणारा भाग आहे, आणि ते जग आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहणार हा सर्वांत टिकणारा.

आकड्यांचा हिशेब आधी उरकून घेऊ. 'स्कायरिम'मध्ये प्रत्येक कौशल्य 15पासून सुरू होते. वंशामुळे एका कौशल्यात 10 आणि आणखी पाच कौशल्यांत प्रत्येकी 5 गुणांची भर पडते. या खेळात कौशल्य वापराने वाढते. तलवार चालवणाऱ्याचे तलवारीचे, कुलपे उघडणाऱ्याचे कुलपांचे. त्यामुळे दांडगट ऑर्क वंशातला जादूगार आणि जादूत जन्मतः पुढे असलेला हाय एल्फ जादूगार यांच्यातले सुरुवातीचे पाच-दहा गुणांचे अंतर खेळाच्या पहिल्या काही तासांतच बुजून जाते, आणि पुढच्या शेकडो तासांत त्याची आठवणही राहत नाही. उरतात त्या अंगभूत गोष्टी. नॉर्ड या मानवी वंशाला थंडीच्या माऱ्यापासून 50 टक्के संरक्षण असते, ब्रेटन या दुसऱ्या मानवी वंशाला सर्व जादूपासून 25 टक्के, सरड्यासारख्या आर्गोनियनला पाण्याखाली श्वास घेता येतो, ऑर्कला दिवसातून एकदा मिनिटभर असा आवेश चढतो की त्याचा घाव दुप्पट होतो आणि त्याला लागलेला घाव निम्मा. या गोष्टी उपयोगाच्या आहेत हे मी नाकारत नाही. पण निव्वळ यांच्यासाठी वंश निवडणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की यांपैकी बहुतेक गोष्टी पुढे मंतरलेल्या चिलखतांतून, औषधी अर्कांतून किंवा मंत्रांतून कोणालाही मिळवता येतात.

मग आकड्यांवर एवढे लक्ष का जाते? त्याचे कारण इतिहासात आहे. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध झाला आणि वंश निवडण्याची रीत तिथून रुळली. त्या पहिल्या नियमांत बुटक्या, दणकट ड्वार्फला योद्धा म्हणून सहाव्या लेव्हलपलीकडे, म्हणजे प्रगतीच्या सहाव्या पायरीपलीकडे, जाता येत नसे, त्याहून लहानखुऱ्या हॉबिटला चौथ्या लेव्हलपलीकडे. मानवाला मात्र अशी मर्यादा नव्हती. इतर वंशांना सुरुवातीला जास्त देणग्या आणि मानवाला वाढायला मोकळे आकाश, असा तो सौदा होता. 1981च्या बेसिक आवृत्तीत तर एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग (हॉबिटचेच नवे नाव) हे स्वतःच क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, होते. म्हणजे मानव योद्धा होऊ शके, चोर होऊ शके, पुरोहित होऊ शके, पण एल्फ हा फक्त एल्फ असे. त्याच वर्षी आलेल्या 'विझर्ड्री' या संगणकीय खेळात मानव, एल्फ, ड्वार्फ, नोम आणि हॉबिट असे पाच वंश होते आणि त्यांच्यातला फरक प्रामुख्याने सुरुवातीच्या गुणांचा होता. त्या काळच्या यंत्रांना आकडे साठवणे सोपे होते. प्रत्येक दुकानदार आपल्याशी वंश पाहून वेगळे बोलेल एवढा मजकूर साठवणे सोपे नव्हते. म्हणून टेबलावरच्या खेळातला वंशाचा आकडेरूपी अर्धा भाग व्हिडिओ गेममध्ये आधी आला, आणि दुसरा अर्धा, म्हणजे समोरच्याची वागणूक, पुष्कळ उशिरा.

पुढे 2000 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीने लेव्हलच्या त्या मर्यादा काढून टाकल्या आणि मानवाला एक जादा फीट, म्हणजे खास कसब, व थोडे जादा कौशल्यगुण दिले. मानव म्हणजे कुठेही रुजणारा, काहीही शिकू शकणारा, ही कल्पना तेव्हापासून बहुतेक खेळांत कायम आहे. मानव निवडणाऱ्या खेळाडूला कल्पनाशक्ती नाही असे म्हणणारे लोक मला भेटतात आणि ते मला मुळीच पटत नाही. अनोळखी जगात आपल्यासारख्याच माणसाच्या डोळ्यांनी शिरावेसे वाटणे ही अगदी रास्त इच्छा आहे. मात्र त्याची किंमतही आहे: बहुतेक काल्पनिक जगांत मानव बहुसंख्य असतात, आणि बहुसंख्यांना आपल्याकडे कोण कसे पाहतो याचा विचार करावा लागत नाही. त्या जगाचा एक मोठा भाग त्यांना दिसतच नाही.

तो भाग कसा असतो, ते सांगतो. 'स्कायरिम'च्या आधीच्या 'मॉरोविंड'मध्ये, म्हणजे 2002 साली, आर्गोनियन आणि मांजरासारखे खजीत या दोन वंशांना बूट घालता येत नसत आणि तोंड झाकणारे शिरस्त्राणही चढत नसे, कारण त्यांचे पाय आणि जबडे मानवासारखे नव्हते. चिलखताचा एक आख्खा तुकडा गमावणे हे खेळाडूला महागात पडे, म्हणून पुष्कळांनी हे वंश टाळले. पण त्याच जगातले डार्क एल्फ या दोन वंशांना गुलाम म्हणून राबवत. हा गेम ज्या बेटावर घडतो तिथे आर्गोनियन होऊन फिरणारा खेळाडू मळ्याजवळून जातो, तेव्हा मनगटात कडी अडकवलेले जे लोक राबताना दिसतात ते त्याच्याच रक्ताचे असतात. मानव होऊन खेळणाऱ्यालाही ते दिसतात आणि त्यांची सुटका त्यालाही करता येते. तरी एकासाठी ती परोपकाराची गोष्ट ठरते आणि दुसऱ्यासाठी घरची.

येथे मला 'स्कायरिम'विषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते, आणि हा गेम मला अतिशय प्रिय असल्यामुळेच ती नोंदवतो. विंडहेल्म या शहरात आर्गोनियनांना तटाच्या आत राहण्याची मनाई आहे. ते बाहेर धक्क्यावर तुटपुंज्या मजुरीवर राबतात. डार्क एल्फ एका पडक्या वस्तीत कोंडलेले आहेत. खजीत व्यापाऱ्यांचे तांडे शहरांच्या वेशीबाहेरच तंबू ठोकतात. हे सर्व फार विचारपूर्वक रचलेले आहे. पण खेळाडू स्वतः आर्गोनियन असेल, तर तो त्याच शहराच्या दरवाजातून सरळ आत जातो, त्याला कोणी अडवत नाही, आणि पुढे त्याच शहरात तो घरही विकत घेऊ शकतो. जगाने एक नियम सांगितला आणि मुख्य पात्राला त्यातून गुपचूप वगळले. खेळाडूची गैरसोय होऊ नये हा त्यामागचा हेतू मला समजतो. मात्र ज्या वंशाला काहीच सोसावे लागत नाही तो वंश राहत नाही, नुसता पोशाख होतो.

याच्या उलट उदाहरण म्हणून 2023च्या 'बाल्डर्स गेट 3'कडे पाहावे. त्यात ड्राव, म्हणजे भूगर्भात राहणारे एल्फ, निवडले तर गॉब्लिनांच्या छावणीच्या दाराशी पहारेकरी दबकून वागतात, कारण ड्राव लोकांचा हुकूम मानण्याची त्यांना सवय आहे. इतर वंशांना जिथे लढावे, फसवावे किंवा मनधरणी करावी लागते, तिथे ड्रावला त्याचा वंशच वाट मोकळी करून देतो. पण भूपृष्ठावरच्या साध्या लोकांना त्याच वंशाची धास्ती असते, म्हणून एके ठिकाणी उघडलेले दार दुसऱ्या ठिकाणी संशयाने किलकिले होते. त्याच स्टुडिओच्या 2017च्या 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन 2'मध्ये तर मृतवंशीय, म्हणजे चालत्या-बोलत्या सांगाड्याच्या, पात्राला चेहरा झाकूनच गावात शिरावे लागते, नाहीतर लोक किंकाळ्या मारून अंगावर येतात, त्याला विषाने बरे वाटते आणि बरे करणारे मंत्र त्याला इजा करतात. संपूर्ण खेळ उलट्या अंगाने शिकावा लागतो. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला मी हा वंश आग्रहाने सुचवतो, पहिल्यांदा खेळणाऱ्याला नाही.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. जन्मानेच एक वंश बुद्धिमान आणि दुसरा मंद असे नियमांत लिहून ठेवावे काय? अनेक वर्षे तसे लिहिलेले होते: ऑर्काच्या रक्ताला बळ अधिक, बुद्धी उणी. 2020 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या एका पूरक पुस्तकाने हे वाढीव गुण हव्या त्या ठिकाणी हलवण्याची मुभा दिली. 2022च्या अखेरीस प्रकाशकांनी 'रेस' हा शब्दच सोडून 'स्पीशीज', म्हणजे प्रजाती, हा शब्द घेण्याचे जाहीर केले. आणि 2024च्या नियमपुस्तकात गुणांची वाढ प्रजातीकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली. आपल्या 'वंश' या शब्दाचा संस्कृतात वेळू असाही अर्थ आहे, पेरावर पेर चढत जाणारा. त्यात परंपरेचा बोध आहे, लायकीचा नाही. म्हणून मला तो शब्द टाकून द्यावासा वाटत नाही.

या बदलावर नाराज असलेल्या खेळाडूंचे म्हणणे असे की आता सगळे वंश सारखेच झाले. मला ते खरे वाटत नाही, आणि 'बाल्डर्स गेट 3' त्याचा चांगला दाखला आहे. तिथे वाढीव गुण कुठेही लावता येतात, पण शरीरे वेगळीच आहेत. ड्वार्फ एका फेरीत 7.5 मीटर चालतो, मानव 9 आणि वुड एल्फ 10.5. काहींना अंधारात दिसते, काहींना नाही. हाफ-ऑर्क मरणाच्या दारी पोचला तरी एकदा प्राणाचा एक गुण राखून उभाच राहतो. मी त्या खेळात हाफ-ऑर्क जादूगार खेळलो. त्याची बुद्धी मी पहिल्याच पडद्यावर 17पर्यंत नेली, जी जुन्या नियमांनी त्याला दिली नसती, आणि तरी प्रत्येक लढाईत तो हाफ-ऑर्कच राहिला: नाजूक झगा घातलेला, पहिल्या वर्मी घावाला कोसळायला हवा असताना न कोसळणारा. शरीर वंशाकडून यावे, मन पात्राच्या आयुष्यातून यावे, ही वाटणी मला न्याय्य वाटते आणि खेळ म्हणूनही अधिक रसाळ वाटते.

एक व्यवहाराची बाब सांगून ठेवतो. याच खेळात 100 सोन्याची नाणी देऊन आपला क्लास पूर्णपणे बदलता येतो, आरशासमोर बसून चेहरा बदलता येतो. वंश बदलता येत नाही. 'स्कायरिम'च्या एका विस्तारानंतर 1000 नाणी घेऊन चेहरा नव्याने घडवून देणारी एक कारागीर भेटते, पण वंशाला तीही हात लावत नाही. तेव्हा पहिल्या पडद्यावर क्लास कोणता यावर तासभर घालवण्यापेक्षा तो तास वंशाला द्यावा, आणि गुणांचा तक्ता पाहण्याआधी त्या जगात हे लोक कुठे राहतात, कोणाशी त्यांचे वैर आहे, आणि त्यांना कोणती गोष्ट करताच येत नाही, एवढे वाचून घ्यावे.

असे विचारणाऱ्याला 2009च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'इतके चांगले उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. त्या जगात ड्वार्फ जादूगार होऊच शकत नाही, कारण स्वप्नांच्या ज्या प्रदेशातून जादू येते त्याच्याशी त्यांचे नाते नाही. आणि वंश व क्लास यांच्या निवडीवरून ठरणाऱ्या सहा वेगवेगळ्या सुरुवाती तिथे आहेत. शहरी एल्फ निवडला तर खेळ आपल्या लग्नाच्या दिवशी सुरू होतो. डेनेरिम शहरातल्या एल्फांच्या कोंडवाड्यासारख्या वस्तीत मंडप सजलेला असतो, आणि एका सरदाराचा मुलगा शिपाई घेऊन येतो व बायकांना उचलून नेतो. त्यांत शियानी नावाची आपली चुलत बहीण असते. तिच्यावर त्या वाड्यात काय गुदरते ते मी येथे सांगत नाही.

मी तो खेळ पहिल्यांदा शहरी एल्फ होऊन खेळलो. खूप पुढे, कथा उतरणीला लागल्यावर, त्या वस्तीचे बंद दार पुन्हा उघडते. आत जमावासमोर उभी राहून शियानी बोलत असते. तिने मला ओळखले, नात्याने हाक मारली, आणि मी जिवंत असल्याचा तिला झालेला आनंद तिच्या आवाजात ऐकू आला. काही महिन्यांनी मी तोच खेळ मानव सरदाराचे पात्र घेऊन खेळलो. तेच दार, तोच जमाव, तीच शियानी. मी पुढे झालो, तेव्हा तिने मला नखशिखान्त न्याहाळले आणि परक्या माणसाला इथे काय हवे आहे, अशा सुरात ती बोलू लागली. सरदाराच्या त्या वाड्यात तिच्यावर जे गुदरले, ते मला सगळे ठाऊक होते. माझ्या पात्राला त्यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असल्याचे तिला कळावे असे एकही वाक्य माझ्यासमोरच्या पर्यायांत नव्हते.