टेपमागच्या वायरी

(पडद्यावर : शिवाजी उद्यमनगरातलं एक गॅरेज. मारुती 800 चा डॅशबोर्ड उघडलेला.)

कोल्हापुरात गाडीत गाणी वाजवणाऱ्या यंत्राला टेप म्हणतात. कॅसेट गेली, सीडी आली, तीही गेली. आता आत फिरणारं काहीच उरलेलं नाही, तरी नाव टेपच. ही 2003 ची मारुती 800. इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, आणि टेपमध्ये कॅसेट घातली की रीळ गुंडाळून बाहेर येतं. मालकाचं म्हणणं एवढंच : "मोबाइलवरची गाणी गाडीत वाजायला पाहिजेत. बाकी काय नको."

नवा सेट दुकानातून आणायला अर्धा तास पुरतो. पण नवे सेट जळतात ते जुन्या वायरींमुळे, आणि त्या वायरी कोणी, कधी, कशा जोडल्या हे सांगायला आता कोणी नसतं. त्या काळात साध्या मॉडेलला कंपनीचा टेप नसायचा. शोरूममधून गाडी निघाली की बाहेर कुठेतरी तो बसायचा. पुढच्या वीस वर्षांत दोन-तीन हात त्यावरून फिरलेले असतात. या गाडीत इन्सुलेशन टेपचा डिंक पाघळून सगळ्या वायरी एकमेकींना चिकटल्यात.

(पडद्यावर : लायटर सॉकेटमध्ये घातलेला छोटा एफएम ट्रान्समीटर.)

डॅशबोर्ड न उघडताही काम भागतं, आधी ते बघू. सगळ्यात स्वस्त उपाय हा. फोनवरचं गाणं ब्लूटूथनं घेतो आणि एफएमवर सोडतो, टेपचा रेडिओ ते पकडतो. अडचण अशी की त्याला रिकामी जागा लागते. आकाशवाणीचं कोल्हापूर केंद्र 102.7 वर आहे, खासगी स्टेशनं वेगळीच. त्यांच्यापासून निदान 0.4 मेगाहर्ट्झ लांब राहायचं. शहरात शोधून ठेवलेली जागा कराडच्या पुढे गेल्यावर दुसऱ्याच स्टेशननं व्यापलेली असते. आवाजही एफएमचाच, 15 किलोहर्ट्झच्या वरचं काही त्यात येत नाही. तात्पुरतं म्हणून ठीक.

कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर त्याहून बरा, पण टेपची यंत्रणा फिरत असेल तरच. या टेपचा बेल्ट वितळून काळा चिकट गोळा झालाय, त्यामुळे तो विचारच नको.

टेपला पुढे ऑक्सची, म्हणजे बाहेरचं गाणं वायरीनं आत घेणारी भोकं असतील तर ब्लूटूथ रिसीव्हर हा सगळ्यात सरळ मार्ग. फक्त एक त्रास हमखास होतो : अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'कुंईं' असा आवाज, आणि तो इंजिनच्या वेगाबरोबर चढत जातो. रिसीव्हरला वीज लायटर सॉकेटमधून, गाणं ऑक्समधून. म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलं. दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोड्या मिलिव्होल्टचा फरक असतो, तोच गाण्यात मिसळतो. खात्री करायची तर रिसीव्हर पॉवर बँकवर चालवून बघा. 'कुंईं' गेलं तर दोष अर्थिंगचा. मग ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घालायचा. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. तो अगदी खालचा बेस थोडा खातो, या गाडीत कळणार नाही.

जुना टेप दिसायला देखणा असेल आणि त्याचा रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर चांगला असेल, तर आणखी एक वाट आहे. तो खोलून व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या आधी ब्लूटूथ बोर्ड जोडता येतो. हे काम इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणत्याकडे द्यायचं. नीट झालं तर गाडीचा चेहरा तोच राहतो.

आपल्या गाडीतला टेप मात्र बदलायचाच आहे.

(पडद्यावर : बॅटरीचं टोक सुटतंय.)

पहिलं काम : 10 नंबरचा पाना आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक बाहेर. मग टेपच्या दोन्ही बाजूंच्या फटीत पत्र्याच्या चपट्या किल्ल्या सरकवायच्या आणि टेप ओढायचा. येत नसेल तर मागे पट्टीचा नट आहे, जोर लावू नका. भोक साधारण 180 बाय 50 मिलिमीटरचं असतं, म्हणजे सिंगल डिन. हे माप जगभर एकच, म्हणून त्याच मापाचा कुठलाही सेट इथे बसतो. नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीनचा मोह बऱ्याच जणांना होतो. त्यासाठी डॅशबोर्ड कापावा लागतो, आणि कापलेला डॅशबोर्ड पुन्हा जुळत नाही. या गाडीला सीडीची यंत्रणा नसलेला, ब्लूटूथचा साधा सेट पुरे. तो आखूडही असतो, मागे वायरींना जागा उरते.

आता मल्टीमीटर. ओहमवर ठेवा, एक टोक स्पीकरच्या वायरीला, दुसरं गाडीच्या बॉडीला. मीटरनं काहीच दाखवलं नाही तर उत्तम. इथे दाखवतंय 3.6.

म्हणजे या स्पीकरचं दुसरं टोक बॉडीला जोडलेलं आहे. जुन्या बऱ्याच टेपांत अशीच पद्धत होती, स्पीकरला एक वायर सोडायची आणि दुसऱ्या वायरीचं काम पत्र्याकडून करून घ्यायचं. आजच्या सेटमधला आयसी, म्हणजे स्पीकर वाजवणारी चिप, स्पीकरची दोन्ही टोकं स्वतः हलवतो. एक वर गेलं की दुसरं खाली येतं. गाणं थांबलेलं असलं तरी प्रत्येक टोकावर बॅटरीच्या निम्मा दाब, सहा-सात व्होल्ट, असतोच. त्यातलं एक टोक बॉडीला टेकलं की आयसीचा थेट शॉर्ट. चांगला सेट स्वतःला बंद करतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद होतो. स्वस्तातला एकदाच बंद होतो. मग गिऱ्हाईक तो घेऊन दुकानदाराशी भांडायला जातं, आणि वायर मात्र तशीच राहते.

उपाय एकच, चारही स्पीकरना नव्या दुहेरी वायरी. पुढच्या दोघांना दोन-दोन मीटर, मागच्या ट्रेतल्या दोघांना साडेचार-साडेचार. 13 मीटर होतात, 15 घ्या. जाडी 1 स्क्वेअर मिलिमीटर. वायर दाराच्या उंबऱ्याच्या प्लास्टिकखालून न्यायची, सीटच्या सरकत्या पट्टीखालून कधीच नाही. सहा महिन्यांत सोलून निघते.

पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कळत नसेल तर एक पेन्सिल सेल घ्या. स्पीकरला क्षणभर टेकवा. कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा पडदा, बाहेर आला तर सेलच्या प्लसकडची बाजू पॉझिटिव्ह. चारपैकी एक स्पीकर उलटा लागला की एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि बेस गायब होतो. मग लोक बेस वाढवत बसतात.

(पडद्यावर : नव्या सेटच्या मागचा रंगीबेरंगी जुडगा.)

रंगांचा संकेत बहुतेक सेटना सारखाच, तरी डब्यावर लिहिलेल्या रंगांशी ताडून बघा. पिवळी कायम चालू, लाल चावीवर, काळी अर्थिंग. पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्यांच्याच काळ्या रेघेच्या जोडीदार वायरी निगेटिव्ह. निळी एरियलच्या मोटरची. ती बॉडीला लागू देऊ नका, टोकाला स्लीव्ह घालून गुंडाळून ठेवा.

लाल आणि पिवळीची अदलाबदल झाली तर गाडी बंद केल्यावर प्रत्येक वेळी सेट सगळं विसरतो : स्टेशनं, फोन, घड्याळ. दोन्ही एकत्र कायम विजेवर जोडल्या तर वेगळीच फजिती. सेट अर्धा जागा राहून 0.3 अँपिअर खात बसला, आणि बॅटरी 35 अँपिअर-तासाची असली, तर 100 तासांच्या थोडं पुढे ती रिकामी. स्टार्टर तर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. पुण्याला दोन-तीन दिवस जाऊन आलं की गाडी ढकलायची पाळी.

काळी वायर रंगवलेल्या पत्र्यावर बोल्टनं आवळणं हा नेहमीचा आळस. रंग खरवडून चकाकता पत्रा करा, वायरीला थिंबल, म्हणजे धातूची कडी, दाबा, मग आवळा. सेट मोठ्यानं वाजत असताना काळी वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मीटरवर 0.1 व्होल्टहून जास्त दिसता कामा नये. जोड पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळू नका. कथलाचा डाग द्या, वर हीट श्रिंक स्लीव्ह. सेटची मागची पट्टी विसरायची नाही. ती नसेल तर रस्त्यावरच्या खड्ड्यांत प्लग ढिला पडतो.

डब्यावर '50 वॅट गुणिले 4' लिहिलेलं असतं. 14.4 व्होल्टचा वर्ग करा, 4 ओहमनं भागा : 51.8. तो आकडा तिथून येतो, आणि तो सूर पार फाटून चौकोनी झाल्यावरचा आहे. स्वच्छ आवाजासाठी त्याचा निम्माही मिळत नाही, वीसेक वॅट. या डब्याएवढ्या गाडीला ते भरपूर.

(पडद्यावर : दाराचं पॅनेल काढलेलं, आत पाण्याचे ओघळ.)

कोल्हापूरचा पाऊस काचेच्या रबरामधून दारात उतरतोच. दाराच्या खालच्या भोकांतून तो निघून जातो, ती मातीनं बुजली असतील तर खिळ्यानं मोकळी करा. पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद स्पीकर बसवताना फाडून टाकतात आणि जूनमध्ये पश्चात्ताप करतात. तो पुन्हा चिकटवा. कागदी कोनऐवजी पॉलीप्रॉपिलीनचा घ्या.

महामार्गावरच्या ट्रकवाल्यांसाठी एक सूचना. 24 व्होल्टच्या ट्रकला हा सेट थेट जोडला की धूर. दोनपैकी एका बॅटरीवरून 12 व्होल्ट काढणंही चूक, कारण ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन मरते. 24 ते 12 व्होल्टचा रिड्यूसर लावा. उसाच्या हंगामातल्या ट्रॅक्टरवाल्यांना हे सांगायला नको. त्यांची गाडी 12 व्होल्टचीच, आणि त्यांचा आवाज कारखान्याच्या गेटपर्यंत आधीच पोचलेला असतो.

(पडद्यावर : फोन सेटला जोडला जातोय.)

फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा, कमी-जास्त सेटवर करा. उलटं केलं तर खरखर वाढते. घरातल्या दुसऱ्याचा फोन आपोआप जोडला जात असेल तर सेटच्या यादीतून तो काढून टाका. कॉल घेताना समोरच्याला फक्त ब्लोअर ऐकू येत असेल तर सेटमधला माइक सोडा आणि वायरचा माइक सनवायझरजवळ लावा.

स्ट्रीमिंगचा हिशेब सोपा. 96 केबीपीएसला तासाला 43 एमबी, 160 ला 72, 320 ला 144. ब्लूटूथचं साधं एसबीसी कोडेक चांगल्या दर्जालाही 328 च्या आसपास थांबतं, आणि गाणं पुन्हा नव्यानं दाबून पाठवतं. तेव्हा ऐंशीच्या वेगात, काच खाली करून चाललेल्या मारुती 800 मध्ये 320 चा हट्ट कशाला? 160 ठेवा. गगनबावडा इथून 55 किलोमीटर, पण त्याच्या पुढे करूळ घाटात नेटवर्क तुटतं आणि गाणं मधेच थांबतं. कोकणात उतरायचं असेल तर आदल्या रात्री घरच्या वायफायवर गाणी उतरवून घ्या.

(पडद्यावर : बॉनेट उघडं, बॅटरीला मीटर.)

टेप वाजतोय. इंजिन चालू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, कुंईं नाही. शेवटची तपासणी गाडी बंद करून. बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवून ते आणि त्याची वायर यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावायचा, आणि तो लावलेला असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. दारं बंद, आतला दिवा बंद. या गाडीला 30 मिलिअँपिअरच्या आत यायला हवं.

मीटरवर 11. पाना घेऊन टोक आवळलं, बॉनेट खाली.