अलार्म वाजतो, पण ऐकतं कोण?

संयोजकांनी पत्रिकेवर ‘नवं तंत्रज्ञान आणि बदलती रुग्णसेवा’ असा भारदस्त विषय छापलाय. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली, घरबसल्या देखरेख आली, आणि रोबो तर यायलाच हवा. सगळं घेतो. पण आधी पाच मिनिटं मला अलार्मवर बोलू द्या. हसू नका, पाच म्हणजे पाचच.

आयसीयूत एका खाटेभोवती मॉनिटर, सिरिंज पंप, व्हेंटिलेटर असतात आणि प्रत्येकाचा सूर वेगळा. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विद्यापीठ रुग्णालयात ७७ खाटांवर ३१ दिवस मोजदाद झाली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. एकूण अलार्म २५ लाखांवर. त्यातले कानावर पडणारे, खाटेमागे दिवसाला १८७. ठोक्यांच्या अनियमिततेचे जे अलार्म तज्ज्ञांनी तपासले, त्यातले जवळपास ८९ टक्के खोटे निघाले. आता सांगा, सिस्टरनं कितीदा धावायचं? नातेवाईक पहिल्या रात्री प्रत्येक टिंगला दचकतात आणि तिसऱ्या रात्री त्याच टिंगटिंगीत डुलकी काढतात. सिस्टरचे कानही माणसाचेच असतात. त्याला कामचुकारपणा म्हणू नका.

आणि हे खोटे अलार्म येतात कुठून? बरेचसे अगदी क्षुल्लक कारणांतून. बोटाला सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी मोजणारा प्रोब आणि त्याच हाताला बीपीचा पट्टा. पट्टा फुगला की बोटाकडचा रक्तप्रवाह थांबतो, प्रोबला नाडी सापडत नाही आणि मॉनिटर बोंबलतो. दर पंधरा मिनिटांनी बीपी लावलं असेल तर तासाला चार वेळा. उपाय काय, तर प्रोब दुसऱ्या हाताला लावा. छातीवरच्या ईसीजी इलेक्ट्रोडची जेल वाळते, रेघ थरथरते आणि यंत्र त्या थरथरीला हृदयविकार समजतं. इलेक्ट्रोड रोज बदला. त्वचा साबण-पाण्यानं पुसून कोरडी करा; स्पिरिट नको, त्यानं त्वचा रुक्ष होते. केस असतील तर कातरा.

मग मर्यादा, म्हणजे सॅच्युरेशन कितीच्या खाली किंवा वर गेलं की अलार्म वाजावा तो आकडा. मॉनिटर कारखान्यातून ९० वर लावून आलेला असला, की तो ९० वरच राहतो. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या, अनेक रुग्णांत आपल्याला सॅच्युरेशन ८८ ते ९२ च हवं असतं. म्हणजे रुग्ण हवा तिथे आहे आणि यंत्र ठणाणा करतंय! खालची मर्यादा त्या रुग्णाच्या लक्ष्याप्रमाणे खाली आणा आणि अलार्मला दहा-पंधरा सेकंदांचा विलंब द्या. क्षणभराच्या घसरणी आपोआप गळतात. पण मर्यादा बदलणं वेगळं आणि अलार्म बंद करणं वेगळं. ऑक्सिजनवरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा वरच्या मर्यादेचा अलार्म बंद केला, तर जादा ऑक्सिजन त्याच्या दृष्टिपटलाला इजा करू शकतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

जाता जाता एक गंमत. बोटावरच्या त्या प्रोबचं, म्हणजे पल्स ऑक्सिमीटरचं, तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं १९७४ साली मांडलं. तो करत होता वेगळंच: रंगद्रव्य टोचून हृदयातून किती रक्त बाहेर पडतं ते मोजत होता आणि नाडीची लाट त्या मोजणीत खोडा घालत होती. शेवटी त्यानं त्या खोड्यावरच यंत्र उभं केलं. लाल आणि अवरक्त प्रकाशातल्या स्पंदनांचं गुणोत्तर काढायचं, एवढंच. आपण आता त्या यंत्राचाच खोडा करून ठेवलाय, हा भाग निराळा.

आणि ते गप्प राहतं तेव्हाही बेफिकीर होऊ नका. मॉर्फिन दिलेला रुग्ण ऑक्सिजनवर असेल, तर श्वास मंदावत गेला तरी आकडा बराच वेळ ९७ राहतो. कार्बन डायऑक्साइड मात्र साचत असतो. तिथे कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, लावा आणि श्वास घड्याळ लावून मोजा.

चिठ्ठी आली. तीन मिनिटं उरली म्हणतात. बरं, धावतपळत.

घरची देखरेख. अंगावर चिकटवलेला साखरेचा सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा देतो, दिवसाला २८८. तो मोजतो पेशींभोवतीच्या द्रवातली साखर, त्यामुळे रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. रात्री सेन्सरच्याच कुशीवर झोपलात तर दाबानं आकडा खोटाच खाली जातो. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचून खात्री करा.

कृत्रिम बुद्धिमत्ता. सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गातून अवयव निकामी होऊ लागण्याचा, इशारा देणारी एक प्रणाली मिशिगनमध्ये तपासली गेली, २०२१ साली. दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांवर तिनं अलार्म वाजवला आणि तरीही सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण हुकवले. म्हणजे १८७ वर आणखी एक टिंग! उलट स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, अशा प्रणालीनं आधी चाळणी लावली; कमी जोखमीची चित्रं एका डॉक्टरनं पाहिली, जास्त जोखमीची दोघांनी. वाचनाचा भार ४४ टक्के घटला आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. माझा मुद्दा तोच आहे: यंत्र घेताना ते किती मोजतं हे विचारू नका, कुणाचं लक्ष किती वाचवतं ते विचारा. खाटेमागे दिवसाला किती वेळा वाजेल? कुणाकडे वाजेल? तो माणूस दुसऱ्या रुग्णाकडे असेल तर पुढे कुणाकडे? विक्रेत्याला हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

रोबो राहिला. तो स्वतःहून काही कापत नाही, कन्सोलवर बसलेला सर्जनच त्याचे हात हलवतो. बाकीचं प्रश्नोत्तरांत.