रोमची सनद आणि जेरुसलेमचे बिशप

श्रोतेहो, नमस्कार.

15 जुलै 1099 रोजी पहिल्या धर्मयुद्धाच्या सैन्याने जेरुसलेम जिंकले. ज्या पोप दुसऱ्या अर्बनने 1095 साली फ्रान्समधील क्लेरमाँ येथे या मोहिमेची हाक दिली होती, तो ही बातमी रोमला पोहोचण्यापूर्वीच, 29 जुलैला, मरण पावला. त्याने सैन्याबरोबर धाडलेला प्रतिनिधी, बिशप आदेमार, हा तर वर्षभर आधीच उत्तरेकडील अँटिओक शहरात रोगाच्या साथीत दगावला होता. म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये लॅटिन चर्चची, अर्थात रोमला मानणाऱ्या चर्चची, घडी बसवायची वेळ आली, तेव्हा तेथे पोपच्या वतीने बोलणारे कोणीही नव्हते. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे या चर्चवर पोपचा अधिकार आहे, ही गोष्ट तेथील कोणत्याही बिशपने तत्त्वतः नाकारली नाही. पण हा अधिकार व्यवहारात कसा चालत होता, हे पाहू लागले की एक चमत्कारिक चित्र दिसते. पोपने आपणहून हुकूम सोडला आणि पूर्वेकडे तो निमूटपणे पाळला गेला, असे प्रसंग थोडे. तेथल्या लोकांनी आपापसात भांडून रोमचे दार ठोठावले आणि त्यातून रोमचा अधिकार वाढत गेला, असे प्रसंग मात्र पुष्कळ आहेत.

पहिल्या पॅट्रिआर्कपासूनच याची सुरुवात झाली. पॅट्रिआर्क म्हणजे त्या प्रदेशातील सर्व आर्चबिशप आणि बिशप यांच्यावरचा प्रमुख धर्माधिकारी. ऑगस्ट 1099 मध्ये सरदारांनी नॉर्मंडीच्या ड्यूकचा धर्मोपदेशक आर्नुल्फ याला या गादीवर बसवले. स्थानिक ग्रीक ख्रिस्ती समाजाला विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात पिसाचा आर्चबिशप दाइंबर्ट हा पिसाच्या आरमारासह येऊन दाखल झाला, आणि आरमाराची गरज सर्वांनाच असल्यामुळे आर्नुल्फला पायउतार व्हावे लागले. दाइंबर्टची महत्त्वाकांक्षा मोठी होती. जेरुसलेमचा शासक गॉडफ्री याने त्याच्यापुढे गुडघे टेकले, आणि शहरच पॅट्रिआर्कच्या मालकीचे व्हावे इथपर्यंत मजल गेली. परंतु जुलै 1100 मध्ये गॉडफ्री वारला, त्याचा भाऊ बाल्डविन एडेसाहून आला आणि त्या वर्षीच्या नाताळात बेथलेहेमच्या चर्चमध्ये राजा झाला. त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याचे काम दाइंबर्टलाच करावे लागले.

त्यानंतरची बारा वर्षे म्हणजे गादीवरून उतरवणे आणि गादीवर बसवणे यांचा नुसता खेळ आहे. राजाशी बिनसल्यावर दाइंबर्ट पदच्युत झाला, त्याच्या जागी एव्हरमार आला. दाइंबर्टने रोम गाठून पोप दुसऱ्या पास्कालकडून आपली गादी परत मिळवली, पण परतीच्या वाटेवर सिसिलीतील मेसिना येथे तो मरण पावला. मग एव्हरमार आपली बाजू मांडायला रोमला निघाला आणि त्याच्या विरोधात आर्नुल्फही निघाला. पास्कालने चौकशीसाठी आर्लचा वयोवृद्ध आर्चबिशप जिबलँ याला आपला लेगेट, म्हणजे पूर्ण अधिकार दिलेला प्रतिनिधी, म्हणून पाठवले. त्याने एव्हरमारची निवड अवैध ठरवली, आणि रिकाम्या झालेल्या गादीवर निवड झाली ती जिबलँचीच! निवाडा करायला आलेला पाहुणाच घरधनी झाला, तरी त्यात कोणाला फारसे वावगे वाटले नाही. 1112 मध्ये तो वारल्यावर आर्नुल्फ पुन्हा पॅट्रिआर्क झाला.

या आर्नुल्फच्या प्रकरणात रोमचा अधिकार राजाच्या अंतःपुरापर्यंत पोहोचला. बाल्डविनला पैशाची सततची चणचण असे. 1113 साली त्याने सिसिलीची श्रीमंत विधवा काउंटेस आदेलाइद हिच्याशी विवाह केला. ती जहाजे भरून संपत्ती घेऊन आली आणि या विवाहातून मूल न झाल्यास राज्य तिच्या मुलाकडे, म्हणजे सिसिलीच्या रॉजरकडे, जाईल असे ठरले. अडचण एकच होती : बाल्डविनची आधीची आर्मेनियन पत्नी जिवंत होती. आर्नुल्फने तिकडे काणाडोळा केला. 1115 मध्ये पोपच्या लेगेटने त्याला अनेक आरोपांवरून पदच्युत केले, तेव्हा तोही शिरस्त्याप्रमाणे रोमला गेला, आणि पास्कालने त्याला पद परत दिले ते राजाचा हा विवाह मोडण्याच्या अटीवर. पुढच्या हिवाळ्यात राजा गंभीर आजारी पडला, मरणाच्या भीतीने ही अट त्याच्या गळी उतरली, आणि 1117 मध्ये आदेलाइदची रवानगी सिसिलीला झाली. तिची संपत्ती तेव्हा खर्च होऊन गेली होती. या अपमानामुळे रॉजरचे घराणे जेरुसलेमच्या राज्याचे कायमचे वैरी झाले, असे त्याच शतकातील इतिहासकार विल्यमने नोंदवले आहे. पोपचा निर्णय धर्मशास्त्राला धरून होता यात शंका नाही. त्याची किंमत मात्र त्या लहानशा राज्याने मोजली.

आता उत्तरेकडे वळू. अँटिओकलाही लॅटिन पॅट्रिआर्क होता, आणि तेथील मंडळी अभिमानाने सांगत की ज्याला पहिला पोप मानतात त्या संत पेत्राचे आसन रोमच्या आधी अँटिओकला होते. 1135 मध्ये तेथे निवडून आलेल्या राल्फ याने हा अभिमान कृतीत आणला. पॅलियम नावाचा लोकरीचा पट्टा हे वरिष्ठ धर्माधिकाराचे चिन्ह असते आणि तो रोमहून मागवायचा असतो. राल्फने वाट पाहिली नाही. आपल्या कॅथीड्रलच्या वेदीवरून त्याने तो स्वतःच उचलून खांद्यावर घेतला. पण त्याने अँटिओकचा राजपुत्र आणि स्वतःचेच धर्ममंडळ या दोघांनाही दुखावले, त्यांनी रोमकडे धाव घेतली आणि अखेर लेगेटच्या अध्यक्षतेखालील परिषदेत त्याला पदावरून काढून टाकण्यात आले. तक्रार करणारे घरातलेच निघाले नसते, तर रोमला इतक्या दूर हात घालता आला असता का, याबद्दल मला शंका आहे.

या दोन पॅट्रिआर्कांमधील सीमेचा वाद तर कधीच मिटला नाही. जुन्या परंपरेनुसार टायर, म्हणजे आजच्या लेबनॉनमधील सूर, हे आर्चबिशपचे ठाणे अँटिओकच्या अखत्यारीत मोडत असे. 1111 मध्ये पास्कालने बाल्डविनला लिहून दिले की त्याने जिंकलेली शहरे जेरुसलेमच्या चर्चकडे राहतील. अँटिओकने तक्रार करताच त्याच पोपने अँटिओकचे हक्क कमी करण्याचा आपला हेतू नसल्याचे कळवले. दोन्ही बाजूंकडे रोमचे पत्र, आणि दोन्ही पत्रे खरी! 1124 साली टायर जेरुसलेमच्या सैन्याच्या हाती पडले आणि हा घोळ उघड्यावर आला. अक्को, सिदोन व बैरुत येथील बिशप जेरुसलेमकडे राहिले. त्रिपोली, जुबैल आणि तोर्तोसा येथील बिशप अँटिओकलाच मानत राहिले. टायरचा आर्चबिशप फुल्चर हा 1138 च्या सुमारास आपल्या पॅट्रिआर्कचा विरोध पत्करून रोमला गेला. पोप दुसऱ्या इनोसंटने त्याच्या बाजूने आज्ञापत्रे दिली. तरीही उत्तरेकडचे तिघे बिशप काही त्याच्या हाती आले नाहीत. पत्र रोमहून येई, पण ज्या शहरात ते वाचले जाई, तेथे तलवार कोणाची चालते यावर त्याचा परिणाम अवलंबून असे.

हाच फुल्चर 1146 मध्ये जेरुसलेमचा पॅट्रिआर्क झाला, आणि रोमकडे दाद मागण्याची सर्वांत कडवट कहाणी त्याच्याच वाट्याला आली. त्याचे गाऱ्हाणे हॉस्पिटलर या संघाविरुद्ध होते. यात्रेकरूंची आणि आजाऱ्यांची सेवा करणारा हा संघ जेरुसलेममध्ये शेकडो रुग्णांची शुश्रूषा करी, पुढे त्याने शस्त्रेही हाती घेतली. 1113 मध्ये पास्कालने त्याला संरक्षण दिले होते, आणि 1154 मध्ये पोप चौथ्या अनास्तासियसने दिलेल्या सनदेने तो बिशपांच्या अधिकारातून जवळजवळ मोकळा झाला. त्याचे धर्मगुरू बिशपला जबाबदार नाहीत, जमिनींवर बिशपला दशमांश द्यायचा नाही, जाब द्यायचा तो थेट पोपला.

याचा अर्थ रोजच्या व्यवहारात काय झाला, हे विल्यमने तपशीलवार लिहिले आहे. बिशपने ज्याला धर्मबहिष्कृत केले, त्याला हॉस्पिटलरांच्या चर्चमध्ये प्रवेश मिळे आणि मेल्यावर दफनही. बिशपने एखाद्या गावात उपासनाबंदी लादली, तरी यांच्या घंटा घणघणत राहत. जेरुसलेममध्ये पवित्र कबरीच्या चर्चच्या दारासमोरच त्यांनी त्या चर्चपेक्षा उंच आणि डौलदार इमारती उभारल्या होत्या. पॅट्रिआर्क लोकांना उपदेश करायला उभा राहिला, की समोरून सगळ्या घंटा इतक्या जोराने वाजू लागत की म्हाताऱ्या फुल्चरचा आवाज कोणाला ऐकू येत नसे. त्याने तक्रार केली तर याहून वाईट करू अशी धमकी मिळाली, आणि एके दिवशी हॉस्पिटलर शस्त्रे घेऊन चर्चमध्ये घुसले आणि त्यांनी बाण सोडले. ते बाण गोळा करून, त्यांची जुडी बांधून, कालवारीच्या, म्हणजे येशूला क्रुसावर चढवले त्या, जागेसमोर टांगून ठेवण्यात आली होती आणि आपण ती स्वतः पाहिली, असे विल्यम सांगतो. तो टायरचा आर्चबिशप होता, म्हणजे या वादात एका पक्षाचाच माणूस, हे लक्षात ठेवून त्याचे म्हणणे ऐकावे. पण या अनर्थाचे मूळ रोमच्या चर्चनेच रोवले, हे वाक्य एका आर्चबिशपने लिहावे, याला वजन आहे.

1155 साली फुल्चर काही बिशपांना घेऊन इटलीला निघाला. विल्यमच्या म्हणण्याप्रमाणे तो शंभरीच्या घरात होता. दक्षिण इटलीत सिसिलीच्या राजाशी लढाई पेटलेली असल्यामुळे नेहमीचा रस्ता बंद होता. म्हणून मंडळी समुद्रमार्गे अँकोनाला गेली आणि गावोगाव मुक्काम हलवणाऱ्या पोप चौथ्या एड्रियनच्या मागे मागे जात अखेर फेरेंतिनोला त्याला गाठू शकली. तेथे कित्येक दिवस दोन्ही बाजूंचे युक्तिवाद झाले आणि निकाल मात्र लागला नाही. कार्डिनल म्हणजे पोपची निवड करणारे आणि त्याला सल्ला देणारे वरिष्ठ धर्माधिकारी; त्या सगळ्यांपैकी दोघेच पॅट्रिआर्कच्या बाजूने उभे राहिले, बाकीचे नजराण्यांना भुलले, असा विल्यमचा आरोप आहे. माझ्या मते नजराण्यांची गरजही नव्हती. सनद दिलेला संघ थेट पोपचा होता, त्याच्या शाखा युरोपभर होत्या, आणि पूर्वेकडील किल्ले सांभाळायला माणसे व पैसा तोच पुरवत होता. एका वृद्ध पॅट्रिआर्कच्या मानापानासाठी असा हात कोणता पोप कापून टाकेल? फुल्चर रिकाम्या हाताने परतला आणि 1157 मध्ये वारला.

रोमबद्दलची ही धास्ती राजांनाही होती. 1159 मध्ये एकाच वेळी दोन पोप निवडले गेले, आणि त्यांपैकी तिसऱ्या अलेक्झांडरचा लेगेट जुबैलच्या बंदरात उतरला, तेव्हा त्याला राज्यात घ्यावे की नाही यावर मोठी चर्चा झाली. राजा तिसऱ्या बाल्डविनने सुचवले, की त्याने पदाची चिन्हे उतरवून साधा यात्रेकरू म्हणून यावे, दर्शन घ्यावे आणि पहिल्या जहाजाने परत जावे. नाहीतर त्याच्या खर्चाचा बोजा चर्चवर आणि मठांवर पडेल. शेवटी लेगेटला मानाने घेतले गेले, आणि त्याचे स्वागत करणाऱ्यांनाच लवकर त्याचे ओझे झाले, असे विल्यम जरा खोचकपणे लिहितो.

1187 मध्ये मुस्लीम सुलतान सलादीनने जेरुसलेम घेतले आणि पुढे पॅट्रिआर्कचा मुक्काम अक्कोला हलला. राज्य किनाऱ्यापुरते आक्रसले, राजसत्ता दुबळी झाली, आणि त्याच प्रमाणात पोपचा शब्द वजनदार होत गेला. तेराव्या शतकात पॅट्रिआर्कलाच लेगेटचे अधिकार देण्याची रीत पडली. अशाच एका पॅट्रिआर्कशी हा विषय संपवतो. जाक पांतालेओं हा 1255 मध्ये जेरुसलेमचा पॅट्रिआर्क झाला. पोप चौथ्या अलेक्झांडरने बेथानीच्या संन्यासिनींचा मठ मालमत्तेसह हॉस्पिटलरांना देऊन टाकला होता; इतर कामांबरोबर हे गाऱ्हाणेही घेऊन तो इटलीत आला. 1261 च्या मे महिन्यात व्हितेर्बो येथे अलेक्झांडर वारला, कार्डिनलांचे तीन महिने एकमत होईना, आणि 29 ऑगस्टला त्यांनी तेथे आलेल्या या पॅट्रिआर्कलाच पोप म्हणून निवडले. चौथा अर्बन या नावाने गादीवर बसलेल्या त्या फिर्यादीने बेथानीची देणगी रद्द केली. हॉस्पिटलरांची 1154 ची सनद मात्र त्यानेही तशीच राहू दिली.