दान कोणाचे, डाव कोणाचा

श्रोतेहो, नमस्कार.

बॅकगॅमन, म्हणजे फासे टाकून सोंगट्या हलवण्याचा दोघांचा पटावरचा खेळ. त्याच्या स्पर्धांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: जिथे दान फाशांच्या हाती, तिथे विजेता ठरवायचा कसा? प्रश्न रास्त आहे. नवशिक्याला सलग दोनदा दुहेरी सहा पडले, तर त्या डावापुरते समोरच्या मुरलेल्या खेळाडूचेही फारसे चालत नाही. म्हणूनच स्पर्धेत सामना एका डावाचा नसतो. तो पाच, सात, अकरा किंवा त्याहून अधिक गुणांचा असतो, आणि लीगमध्ये असे सामने आठवड्यामागून आठवडे होत राहतात, म्हणजे कोणा एकावरच मेहेरबान होण्याची संधी फाशांना कमी मिळते.

या गुणांच्या हिशेबात खरी चुरस आणली ती डबलिंग क्यूबने. दोन, चार, आठ असे चौसष्टपर्यंत आकडे असलेला हा ठोकळा १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांत प्रचारात आला. आपली बाजू भक्कम वाटली की दान टाकण्यापूर्वी डाव दुप्पट करायचा. समोरच्याने तो स्वीकारावा, नाहीतर एक गुण देऊन डाव सोडावा. चार सारखे डाव कल्पून पाहा. चारही सोडले तर चार गुण जातात. चारही स्वीकारून तीन हरले आणि एक जिंकला, तर सहा जातात, दोन येतात. तोटा पुन्हा चारच. म्हणजे चारांत एकदा जिंकण्याची आशा असेल, तर ढोबळमानाने डाव स्वीकारावा. हे गणित कागदावर सोपे असते. पण अनेक स्पर्धांत प्रत्येक खेळीला बारा सेकंदांची मोकळीक आणि तेवढ्यात न भागल्यास खर्चायला दर गुणामागे दोन मिनिटांची शिल्लक एवढाच वेळ असतो, आणि शिल्लक संपत आली की हेच गणित डोक्यात जुळता जुळत नाही. त्यातच एखादा खेळाडू विजयापासून एका गुणावर आला की लगेचच्या एका डावात दुप्पट करण्यास मनाई असते. हा क्रॉफर्ड नियम नसता, तर पिछाडीवरचा खेळाडू गमावण्यासारखे काहीच नसल्याने पहिल्याच संधीला ठोकळा पुढे सरकवता.

छोट्या सामन्यावरून किती निष्कर्ष काढावा, याचा धडा १९७९ साली माँटे कार्लोत मिळाला. हान्स बर्लिनर यांच्या संगणक-प्रोग्रॅमने नुकतेच विश्वविजेते झालेल्या लुईजी व्हिला यांना सात विरुद्ध एक असे हरवले. गाजावाजा पुष्कळ झाला. पण दान प्रोग्रॅमच्या बाजूने पडले, हे पुढे बर्लिनर यांनीच मोकळेपणाने मान्य केले. या खेळात संगणक खरोखर तरबेज झाला तो १९९० च्या दशकात. आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो यांनी घडवलेला टीडी-गॅमन हा प्रोग्रॅम स्वतःशीच असंख्य डाव खेळून शिकला, आणि सुरुवातीला दोन आणि एक असे दान पडल्यास ते कसे खेळावे याबद्दलची जाणत्यांची जुनी मतेही त्याने बदलायला लावली. त्याच सुमारास, १९९२ मध्ये, फिब्स हा इंटरनेटवरचा पहिला बॅकगॅमन सर्व्हर सुरू झाला.

आज ऑनलाइन लीगमध्ये खेळाडूंची गटवारी असते, सामन्याची वेळ दोघांनी मिळून ठरवायची असते, आणि वरच्या गटात बढती किंवा खालच्या गटात घसरण हंगामाच्या शेवटी ठरते. हरणारा माणूस मात्र सर्व्हरच्या फाशांवर संशय घेतल्याशिवाय राहत नाही. खरा धोका फाशांत नसून शेजारच्या पडद्यावर उघड्या ठेवलेल्या विश्लेषक प्रोग्रॅममध्ये आहे. तो पकडायलाही तसाच प्रोग्रॅम लागतो. सामन्याची नोंद त्याला दिली की प्रत्येक चुकीची किंमत मोजून तो खेळाडूचा सरासरी आकडा सांगतो. आकडा जितका लहान तितका खेळ अचूक. कसलेल्यांच्या हातूनही चुका होतातच, त्यामुळे सामन्यामागून सामना कोणाचा आकडा शून्यालगत राहू लागला की आयोजक त्याच्या नोंदी बारकाईने तपासतात.

याच नोंदींनी माझीही एकदा जिरवली. एका लीग सामन्यात माझी एकटी सोंगटी मारली गेली, डाव गेला, सामनाही गेला, आणि समोरच्याला नेमक्या वेळी पाच आणि एक असे दान पडले म्हणून मी दोन दिवस कुरकुरत होतो. प्रोग्रॅमने दाखवले ते असे: सोंगटी मी समोरच्याच्या सोंगटीपासून सहा घरांवर ठेवली होती, आणि वाटेत अडथळा नसताना तिथे ती छत्तीसपैकी सतरा दानांनी मारली जाते. एक घर पुढे, म्हणजे सातावर, ती सहाच दानांनी मारली गेली असती, आणि त्या सहांत पाच आणि एक हे दान नव्हते. ते दान मला अजून लख्ख आठवते. त्याआधीची माझी खेळी मात्र नोंद उघडल्यावरच आठवली.