शेजाऱ्याला काय दिसलं?

(सांगलीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दक्षिण ध्रुवावर बर्फात गाडलेली, न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपणारी आइसक्यूब ही वेधशाळा आणि तासगावच्या द्राक्षबागेत विहिरीवर बसवलेला मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून पंपाची मोटर चालू-बंद करणारी पेटी, या दोघांबद्दल आज बोलणार आहे. स्टार्टर हा माझा धंदा. न्यूट्रिनोचा नुसता नाद.

सूर्याकडून येणारे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात. त्यातला एखादा क्वचितच कशाला धडकतो. पण अंतराळातून येणारा एखादा जबर ऊर्जेचा न्यूट्रिनो बर्फातल्या अणूवर आदळला, तर त्यातून निघालेला भारित कण बर्फातल्या प्रकाशापेक्षाही वेगानं पळतो आणि मागे निळसर उजेड सोडतो. हा चेरेन्कोव्ह प्रकाश. तो टिपण्यासाठी साधारण एक घन किलोमीटर बर्फात ८६ तारांवर ५,१६० गोळे सोडलेत, १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर. हे काम डिसेंबर २०१० मध्ये पुरं झालं. गरम पाण्यानं भोक पाडायचं, तार सोडायची, पाणी पुन्हा गोठू द्यायचं. एकदा गोठलं की सर्व्हिसला माणूस पाठवायची सोय नाही.

गोळा म्हणजे ३३ सेंटीमीटर व्यासाची जाड काच आणि आत खाली तोंड करून बसवलेली दहा इंची फोटोमल्टिप्लायर नळी, म्हणजे अंधुक उजेडाचा विजेचा सिग्नल करणारी नळी. एका फोटॉननं, म्हणजे प्रकाशाच्या एका कणानं, एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि टप्प्याटप्प्यानं त्याचे सुमारे एक कोटी होतात. दाब सोसायला काच जाड हवी, पण त्याच काचेत किरणोत्सारी पोटॅशियम असतं आणि त्याच्या क्षयातून उजेड पडतो. राखणदारच आरडाओरडा करणारा! त्यामुळे गडद अंधारातही प्रत्येक गोळा सेकंदाला शेकडो वेळा ‘दिसलं, दिसलं’ म्हणत राहतो.

मग खरं कसं ओळखायचं? शेजाऱ्याला विचारून. त्याच तारेवरच्या वरच्या-खालच्या गोळ्यांपैकी कुणाला एक मायक्रोसेकंदाच्या आत काही दिसलं का? दिसलं असेल तर सिग्नलचा पूर्ण आकार वर पाठवायचा. नसेल तर त्रोटक नोंद पुरे.

शेजार नेहमी सुखाचा असतो असंही नाही. जपानच्या सुपर-कामिओकांडे या पाण्याच्या टाकीतल्या न्यूट्रिनो वेधशाळेत १२ नोव्हेंबर २००१ रोजी पाण्यातली एक नळी फुटली, तिच्या धक्क्यानं शेजारची, तिच्यानं पुढची, अशा साडेसहा हजारांहून जास्त नळ्या गेल्या. नंतर प्रत्येक नळीला कवच घातलं.

आता विहिरीवर या. आमच्या पेटीतलं सिम तिन्ही फेजचं व्होल्टेज, मोटरचा करंट, ट्रिपचं, म्हणजे मोटर आपोआप बंद पडल्याचं, कारण आणि वेळ पाठवतं. प्रश्न असा की कोणता शेतकरी वैतागलाय, हे त्याचा फोन येण्याआधी कळेल का? पहिला मोह ट्रिपा मोजण्याचा होतो. पण एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्याच पेट्या एका मिनिटात सिंगल फेजनं, म्हणजे एखादी फेज गेल्यानं, ट्रिप झाल्या, तर शेतकरी वायरमनच्या नावानं बोटं मोडतो, आमच्या नाही. त्याचं डोकं फिरतं ते शेजारची मोटर सुरळीत चालू असताना याची एकट्याची बंद पडते तेव्हा. म्हणजे प्रश्न तोच, अर्थ मात्र उलटा. बर्फात एकट्याची नोंद हा बहुधा गोंगाट, आणि मळ्यात तीच कामाची.

एक नोंद दाखवतो. रात्री २.१० ला लाईट आली. ऑटोवर मोटर सुरू झाली, ओव्हरलोडनं ट्रिप. मालकाचा पेटीला कॉल, चालू, पुन्हा ट्रिप. पाच मिनिटांत आणखी तीन कॉल. २.४० ला ऑटो बंद, मोड मॅन्युअल. म्हणजे गडी बॅटरी घेऊन विहिरीवर पोचला. ट्रिपेपेक्षा या चार कॉलांत जास्त माहिती आहे. आणि दुसऱ्या दिवसापासून पेटी गप्प. नवख्याला वाटेल, दुरुस्ती झाली. छे! त्यानं पेटी वगळून मोटर डायरेक्ट केली. आइसक्यूबमध्ये पूर्ण गप्प गोळा म्हणजे मेलेला गोळा, कारण जिवंत असेल तर गोंगाट येणारच. आमच्याकडेही व्होल्टेज आहे, पाण्याची पाळी आहे आणि करंट शून्य, असं दिसलं की आधी त्या घरी फोन लावायचा.

थोडं गणितही करा. समजा हजार ग्राहकांत २० नाराज आहेत. या नोंदींवरून नाराज ग्राहक ओळखणाऱ्या संगणकी मॉडेलनं त्यातले १६ पकडले आणि समाधानी ९८० पैकी पाच टक्क्यांवर, म्हणजे ४९ जणांवर, उगाच बोट ठेवलं. यादी झाली ६५ जणांची, खरे नाराज १६. चारात एक. ऐकायला भिकार वाटतं, पण ६५ फोन दोन दिवसांत होतात, तेव्हा मला चालतं. पेटी बदलायला माणूस पाठवायचा असता तर चाललं नसतं.

फोनवर ‘तुम्ही समाधानी आहात का’ असं विचारलं तर समोरचा ‘होय साहेब’ म्हणून मोकळा होतो. ‘पाळीत पाणी पुरतंय का, दादा?’ असं विचारा, मग तो बोलायला लागतो. आणि पुष्कळदा ऐकायला मिळतं ते भलतंच: पेटी ठीक आहे हो, तुमचा डीलर फोन उचलत नाही. पेटीला हे दिसायचं कसं? म्हणून डीलरकडच्या न उचललेल्या कॉलचा रकाना आम्ही आता त्याच तक्त्यात घातलाय.